दोन डिस्कवरचा आवाज

अमरावतीची मे महिन्यातली दुपार बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. ऊन डोक्यावर आलं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात आणि घराघरातून फक्त कूलरची घरघर ऐकू येते. भुताखेतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी अशी एक दुपार इथे काढून पाहावी.

रश्मी अकोल्याहून आली होती ती मात्र अगदी साध्या कामासाठी. तिथल्या जठारपेठेत तिचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेजातला तिचा मित्र अश्विन पुण्याला नोकरीला होता आणि त्याचे काका शेषराव इथे एकटे राहत होते. काकांच्या कम्प्युटरमधली एक डिस्क खराब झाली होती. ती बदलून द्यायची, एवढंच.

"दुसऱ्या कोणाले नाही पाठवत मी," अश्विन फोनवर म्हणाला होता. "त्यात काकूचा आवाज आहे."

शेषराव अचलपूरच्या शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. जन्मभर नकाशांवर बोट फिरवलेला माणूस भिंतीकडे तोंड करून बसायला लागला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, केशरबाईंनी, त्यांना रोज दुपारी वाचून दाखवायला सुरुवात केली. पुढे केशरबाईंचं स्वतःचं दुखणं निघालं. बाई मोठी खंबीर. रडत बसली नाही, अश्विनकडून माइक मागवला आणि वाचलेलं सगळं रेकॉर्ड करायला लागली. आपण गेल्यावर ह्या माणसाला कोण वाचून दाखवणार, हीच तिला एक काळजी.

अश्विननं त्यासाठी कम्प्युटरमध्ये दोन डिस्क बसवल्या, रेड वन पद्धतीनं. म्हणजे एकीवर जे लिहिलं जाईल, तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. मेलेलीच्या जागी नवी बसवली की जिवंत डिस्क आपलं सगळं तिला देऊन टाकते आणि पुन्हा जोडी होते. केशरबाई जानेवारीत गेल्या. तेव्हापासून शेषराव रोज जेवण झालं की कम्प्युटरपुढे बसत आणि बायको त्यांना वाचून दाखवी.

रश्मीनं बेल वाजवली. "जयभीम काका. मी रश्मी, अकोल्याहून आली."

दार उघडलं. पांढरा सदरा घातलेले, उंच, किंचित वाकलेले शेषराव कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"पुन्हा बोल बरं."

"काय बोलू?"

"मले हाक मार."

तिला जरा गंमत वाटली. "काका," ती म्हणाली. "काका, लय ऊन आहे. आत घेता ना?"

म्हातारा हळूच हसला. "ये पोरी. ये. उशीर केला नाहीस तू."

आंधळ्या माणसाला आवाजावरून ओळख पटवून घ्यायची सवय असेल, असं म्हणून रश्मीनं ते सोडून दिलं. आतल्या खोलीत खिडकीला कूलर होता आणि त्यातल्या वाळ्याचा थंड, ओला वास सगळ्या घरात पसरला होता. टेबलावर कम्प्युटर, माइक, आणि दोन खुर्च्या एकमेकींना लागून. एका खुर्चीवर उशी होती. शेषरावांनी तिच्यासाठी बाहेरून तिसरी खुर्ची आणली, त्या उशीच्या खुर्चीवर बसायला सांगितलं नाही.

तिनं कम्प्युटर सुरू केला, तसा तो बीप-बीप वाजायला लागला. जोडीतली पहिली डिस्क बाद झाल्याचं स्क्रीनवर लिहून आलं आणि त्याखाली तिचा लांबलचक नंबर. रश्मीनं मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला.

"किती दिवसांपासून वाजून राहिला हा डबा?"

"दिवाळीपासून. केशर म्हणे, वाजू द्या, दुरुस्तीपायी माह्या वाचनात व्यत्यय नको."

म्हणजे थंडीतलं सगळं वाचन, अगदी शेवटचं, एकाच डिस्कवर होतं. आधी ते बाहेर कॉपी करून घ्यायला हवं, हे रश्मीला पक्कं माहीत होतं. पण त्याला वेळ लागला असता, अकोल्याची गाडी गाठायची होती आणि नवी डिस्क बसवली की कॉपी होणारच आहे की. जाणती माणसं चुकतात ती अशाच हिशेबानं. तिनं कम्प्युटर बंद केला, प्लग काढला, खाली बसून डबा उघडला. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकसारख्या. अश्विननं त्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, १ आणि २. तिनं १ काढून खाली वर्तमानपत्रावर ठेवली आणि तिच्या जागी नवी बसवली.

तेवढ्यात लाइट गेली.

कूलरचा पंखा हळूहळू मंदावला आणि थांबला. शेजारपाजारचे सगळेच थांबले असावेत, कारण एकाएकी इतकी शांतता झाली की कूलरमधल्या पाण्याचे थेंब ऐकू यायला लागले. वाळ्याचा वास दाट झाला.

"येईल थोड्या वेळात," शेषराव म्हणाले. "तवरक मी सरबत करतो." आणि भिंतीला हातसुद्धा न लावता ते स्वयंपाकघरात निघून गेले.

थोड्या वेळानं रश्मीच्या कानावर बाईचा आवाज आला. सावकाश, स्पष्ट, प्रत्येक शब्दाला त्याची जागा देत कोणी वाचत होतं. एक प्रवासी पूर्णेच्या काठाकाठानं पायी समुद्राकडे निघालाय, असं काहीतरी वर्णन होतं. काकांनी मोबाइलवर लावलं वाटतं, असं तिच्या मनात आलं. आवाज ऐकून तिला फार बरं वाटलं. शाळेत असताना ताप आला की आई उशाशी बसून वाचायची, त्याची आठवण झाली.

लाइट येईपर्यंत एक काम उरकून घ्यावं म्हणून तिनं पिशवीतून बॅटरीवरचं ड्रिल काढलं. तिच्या दुकानाची ही रीत होती. बाद झालेली डिस्क ती तशीच भंगारात जाऊ देत नसे, गिऱ्हाइकाच्या घरीच तिला आरपार भोक पाडायची. लोकांच्या घरातल्या गोष्टी परक्याच्या हाती लागू नयेत म्हणून. एकदा भोक पडलं की त्या डिस्कमधून जगातला कोणीही काही काढू शकत नाही. तिनं डिस्क पायांमध्ये धरली आणि ड्रिलचं टोक तिच्यावर टेकवलं.

"पुढे नदी वळण घेते, आणि त्या वळणावर..."

आवाज थांबला.

स्वयंपाकघरातून शेषराव म्हणाले, "बंद काहून केलं, पोरी? चालू राहू दे."

"मी कुठं काय केलं, काका?" तिनं ड्रिल बाजूला घेतलं.

"...एक चिंचेचं झाड आहे," बाई पुढे वाचू लागली. "त्याच्या सावलीत मी पोटभर पाणी प्यालो."

रश्मी हसली. म्हाताऱ्याचा मोबाइल अडकत असेल. तिनं पुन्हा ड्रिल टेकवलं. आवाज पुन्हा थांबला. ह्या वेळी ती शांतता वेगळी होती. कोणीतरी पुस्तकातून मान वर करून आपल्याकडे पाहतंय, अशी. आणि मग त्याच आवाजात, पण वाचल्यासारखं नाही, अगदी कानाजवळ, हळू...

"ती नको, पोरी."

तिच्या हातातलं ड्रिल वर्तमानपत्रावर पडलं.

शेषराव दारात येऊन उभे राहिले होते. हातात सरबताचा पेला.

"काका... तुमचा मोबाइल..."

"माह्या खिशात आहे. सकाळपासून बंद पडला आहे." त्यांनी मान तिरकी करून कानोसा घेतला. "मले वाटलं तू कम्प्युटरवर लावलं."

रश्मीनं खाली पाहिलं. कम्प्युटरचा प्लग तिच्या मांडीजवळ पडला होता. घरात लाइट नव्हती.

उशीच्या खुर्चीकडे पाहायचं नाही, असं रश्मीनं ठरवलं आणि तरी पाहिलं. खुर्ची रिकामी होती. भीती तर वाटत होतीच, पण तिला त्याहून मोठी शंका आली होती. तिनं मोबाइल काढला, स्क्रीनचा फोटो उघडला आणि त्यातला नंबर पायाजवळच्या डिस्कवर छापलेल्या नंबराशी ताडून पाहिला.

जुळत नव्हता.

तो डब्यातल्या दुसऱ्या डिस्कशी जुळत होता. अश्विननं चिठ्ठ्या चिकटवताना घोळ केला होता की धूळ साफ करताना कोणी केबल अदलाबदल केल्या होत्या, कोण जाणे. मेलेली डिस्क अजून आत होती. आणि जिच्यावर केशरबाईंचं थंडीतलं सगळं वाचन होतं, तिला रश्मी भोक पाडायला निघाली होती.

तिला रडू कोसळलं. "काका, मी आज सगळं घालवलंच होतं. नंबर न पाहता चिठ्ठीवर भरवसा ठेवला..."

शेषरावांनी चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही ना घालवलं? घे, सरबत घे. तिनं लक्ष ठेवलं."

लाइट आल्यावर तिनं आधी ती जिवंत डिस्क होती तिथे लावली, तिच्यावरचं सगळं आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि मगच मेलेली काढून नवी डिस्क जोडीला दिली. एकीवरचं दुसरीवर जायला सुरुवात झाली. गाडी केव्हाच निघून गेली होती. कूलर पुन्हा घरघरत होता आणि उन्हाचा पट्टा भिंतीवर चढत चालला होता.

"पूर्णेचं ते पुस्तक लाव," शेषराव म्हणाले. "चिंचेच्या झाडापाशी."

तिनं फाइल शोधली. डिसेंबरमधली होती. केशरबाई वाचत होत्या. पुढे नदी वळण घेते, आणि त्या वळणावर... इथे आवाज थांबला. मग चिंचेचं झाड, पाणी. पुन्हा थांबला. आणि मग हळू, अगदी स्पष्ट, तेच शब्द आले. ती नको, पोरी.

रश्मीनं रेकॉर्डिंग थांबवलं.

"आधीही आयकलं होतं मी हे," शेषराव सांगत होते. "मले वाटे, शेजारची पोरगी खोडी करून राहिली असंल, तिले म्हणत असंल केशर. केशरले विचारलं, तर म्हणे, मी कुठं काय बोलली? वाचतच तर होती." त्यांनी खुर्ची कम्प्युटरजवळ ओढली. "अशी अजून एक जागा आहे. शेवटच्या फाइलमध्ये. ते अजून झालं नाही."

"काय आहे त्यात?"

"आयक."

फाइल जानेवारीतली होती, केशरबाई जाण्याच्या आधीच्या आठवड्यातली. आवाज थकलेला होता, दर दोन वाक्यांनी दम लागत होता. प्रवासी आता तापीच्या मुखाशी आला होता, समुद्राचा वारा त्याला लागत होता. वाचता वाचता त्या थांबल्या.

"झोपले वाटते," त्या म्हणाल्या. पुस्तक मिटल्याचा आवाज आला. "असू द्या. उरलेलं इकडं आल्यावर वाचून दाखवीन."

रेकॉर्डिंग मात्र चालूच होतं. आणि त्यात लांबून, दुसऱ्या खोलीतून यावी तशी, एक तरुण बाई हाक मारत होती. काका... काका, उठा ना. काका...

तो रश्मीचा आवाज होता.

"दारात तू बोलली, तवाच ओळखलं मी," शेषराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. "इतके दिवस विचार करत होतो, ही पोरगी कोण असंल. बरं वाटलं. आपल्यामागं कोणी हाक मारणारं आहे, हे काय थोडं झालं?"

रश्मीनं ती जागा पुन्हा लावली. आपल्या आवाजामागे तिला आणखी काहीतरी ऐकू येत होतं. सतत, एकसारखं. ते काय आहे हे ओळखायला तिला वेळ लागला, कारण तोच आवाज त्या क्षणी खोलीतही होता.

कूलर होता तो. जानेवारीच्या थंडीत अमरावतीत कूलर कोण लावतं?

पुढे रश्मी त्या घरची होऊन गेली. पावसाळ्यात गेली, दिवाळीला गेली, थंडीत तेल्हाऱ्याहून मामाच्या शेतातला हुरडा घेऊन गेली. होळी झाली की मात्र तिचं जाणं बंद. फोन रोज करायची, पण पाऊल टाकायची नाही. शेषरावांना ते कळत होतं, आणि ते तिला चिडवत. "उन्हाळ्यात तुले अमरावती चावते काय?" शेवटी तिनं हट्टच धरला आणि तिच्या समाधानासाठी त्यांनी तो कूलर भंगारवाल्याला देऊन टाकला. तिनं आणि अश्विननं मिळून एसी बसवून दिला. त्या दिवशी तिला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

परवा दुपारी तिनं नेहमीसारखा फोन केला. जेवण झालं का, गोळ्या घेतल्या का, असं सगळं विचारून झालं. शेषराव आज खुशीत होते. पुस्तक संपत आलंय म्हणाले. आणि त्यांच्या बोलण्यामागे रश्मीला घरघर ऐकू आली.

"काका," ती म्हणाली, "नवीन कूलर आणला का तुम्ही?"

"नाही पोरी."

"मग आवाज कशाचा येते?"

पलीकडून फक्त ती घरघर.

"तुलेही आयकू येते काय?" शेषरावांनी विचारलं. त्यांचा आवाज पेंगुळलेला होता. "सकाळपासून चालू आहे. वाळ्याचा वासही येऊन राहिला."

रश्मी दुकानाचं शटर उघडंच टाकून स्टेशनकडे पळाली.