बिनरुळाच्या स्टेशनावरची सोबतीण

मुगात वायर पडली, आणि भांडण तिथूनच सुरू झालं.

भादवा सरत आला होता. सकाळभर भुरभुर करून पाऊस जरा हटला, ऊन पडलं, म्हणून शिवानीनं दुकानातला ओलसर मूग गच्चीवर पसरला होता. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून काळ्या वायरचं भेंडोळं उडत आलं आणि बरोबर मधोमध आपटलं. मूग चौफेर उधळला.

"कोण हाय तिकडं? वायर फेकायला ही तुमच्या बापाची गच्ची हाय का?"

कठड्यामागून आधी एक हात आला, मग विस्कटलेले केस, मग हसरे डोळे.

"न्हाई जी. आमच्या बापाला गच्चीच न्हाई. पत्रा हाय, तिकडं पाली गावात."

"मग पालीला जाऊन पत्र्यावर फेका!"

"तिथं मूग वाळत घालणारं कुणी न्हाई ना…"

आष्टीच्या चौकात चन्नप्पा वाण्याच्या पोरीशी असं बोलायची कुणाची छाती नव्हती. शिवानीनं झाडू उचलला. तो मात्र कठडा ओलांडून सरळ खाली बसला आणि एकेक दाणा वेचायला लागला.

"तोंड लई चालतंय. काम काय करायलाव?"

"केबल टाकायलोय. सिद्धाराम मामांनी डिश बसवलीय, मी केदारनाथ, त्यांचा भाचा. चौकाच्या पलीकडं वायर न्यायची तर तुमच्याच गच्चीवरनं वाट हाय." तो जरा थांबला. "पुढच्या महिन्यात 'बिनरुळाचं स्टेशन' परत सुरू व्हायलंय. आता नव्या वाहिनीवर. ती अँटेनाला घावत न्हाई, म्हणून…"

झाडू आपोआप खाली गेला.

'बिनरुळाचं स्टेशन'! शिवानी शाळेत होती तेव्हा दर गुरुवारी लागायची ही मालिका. माळावर एक स्टेशन. फलाट आहे, घंटा आहे, तिकिटाची खिडकी आहे, पण रूळच नाहीत. स्टेशनमास्तर रोज हिरवा झेंडा दाखवतो, बाकांवरची माणसं उठून उभी राहतात, घड्याळातून चिमण्या उडतात, कुणाच्या ट्रंकेतून विहिरीचं पाणी वाहतं आणि गाडी काही येत नाही. मुंबई-पुण्याच्या शहाण्यांनी पेपरात लिहिलं, मालिका कळत नाही. आष्टीला पहिल्या गुरुवारीच कळली. ज्या जिल्ह्याला पिढ्यान् पिढ्या रेल्वेचं नुसतं आश्वासन मिळालं, जिथं प्रत्येक निवडणुकीत भाषणातून गाडी येते आणि निकालाच्या दिवशी निघून जाते, तिथल्या माणसाला यात न कळण्यासारखं काय होतं? आणि मग एका गुरुवारी, मास्तरनं झेंडा वर धरलेला असताना, मालिका बंद पडली. कारण नाही, सूचना नाही. नऊ वर्षं तो हात तसाच वर होता.

"तुमी बघायचाव?" शिवानीनं विचारलं.

"सुट्टीत मामाकडं असायचो. एक भाग सोडला न्हाई. मास्तरच्या मागं ती उभी राहायची बघा, फिकट…"

"सोबतीण!" शिवानी जवळजवळ ओरडलीच.

मास्तर जिथं जाईल तिथं त्याच्या उजव्या खांद्यामागं एक फिकट आकृती असायची. बोलायची नाही. तो चालला की चालायची, तो थांबला की थांबायची. अशी आकृती बातम्या देणाऱ्या बाईमागंही दिसायची, पण तो टीव्हीचा बिघाड, असं आष्टीचं मत होतं. मालिकेतली मात्र खरी. ज्या घड्याळातून चिमण्या उडतात, तिथं काय अशक्य होतं? पोरींनी तिचं नाव सोबतीण ठेवलं आणि शिवानीनं तिला जीव लावला. कुणीतरी असावं तसं मागं, न बोलता, न सोडता.

"ती बोलत कावून नसंल?" केदारनाथनं मुगाची ओंजळ तिच्यासमोर धरली.

"बोलली असती तर मास्तरनं ऐकलं असतं का? तुमी माणसं…"

"मी ऐकतो की."

"बघू," म्हणाली ती. ओंजळीतला मूग घेताना बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही ते लक्षातच न आल्यासारखं केलं.

आता चन्नप्पाला राजी करायचं होतं. चन्नप्पा म्हणजे जन्माचा वाणी. गिऱ्हाइकाला फुकट हसूसुद्धा द्यायचा नाही. "केबल? घरात नंगा नाच आणायचा हाय का?" म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी झिडकारलं. शिवानी रोज जेवताना तेच बोलायची. वरणात केबल, भाकरीत केबल. शेवटी आई, महानंदाबाई, वैतागली, "अहो, द्या एकदाची, न्हाईतर मी माहेरी जाते!"

तेव्हा चन्नप्पानं तराजू काढला. "देतो. वायर जाऊ दे गच्चीवरनं, आपल्या घरात बी घेऊ. पण लातूरचे पाहुणे येतेत तुला बघायला. आजवर दोनदा तू डोकं दुखतंय म्हणून झोपलीस. आता मुकाट पाटावर बसायचं."

"बसते," शिवानी म्हणाली. बसते म्हणाली, लग्न करते म्हणाली नाही. बापानं तो फरक ऐकला नाही, त्याला ती काय करणार?

महिनाभर केदारनाथ गच्चीवर येत राहिला. वायर ओढायला दोन दिवस पुरले असते, हे सगळ्या आळीला दिसत होतं.

"आज काय बिघडलं?" शिवानी विचारायची.

"जोड ढिला झालाय."

"काल बी तोच झालता."

"लई नाजूक जोड हाय हो…"

ती हसायची. मग कठड्याला टेकून सोबतिणीच्या गोष्टी. ती मास्तरची मेलेली बायको, असं त्याचं म्हणणं. "मेलेली कावून? जिवंत बाई गप उभी राहत न्हाई का? आमच्या घरात ये, दाखवते," असं तिचं. बोलता बोलता 'या'चं 'ये' झालं होतं. दोघंही थबकले. नवीन मालिकेत ती बोलेल, यावर शिवानीनं पैज लावली. केदारनाथनं मात्र मान खाली घालून वायरला टेप गुंडाळायला घेतला.

गुरुवार उजाडला आणि पाहुण्यांनीही नेमका तोच दिवस धरला. दुपारी येणार होते. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी अडकली आणि मंडळी टेकली ती दिवेलागणीला. बाहेर परतीचा पाऊस धो धो. मुलगा बँकेत होता, गोरा, मनगटावरचं घड्याळ सारखं करणारा. त्याचे काका मात्र तोंडाळ. पाटावर बसलेल्या शिवानीला त्यांनी चालून दाखवायला लावलं, चष्मा नाही ना विचारलं, पुरणपोळी येते का, पोरीला राग लवकर येतो का… बाजारात बैलाचे दात बघतात तसलं सगळं. फरक एवढाच, की बैलाला चहा न्यावा लागत नाही.

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले. सगळ्या आळीतून एकदम त्या मालिकेची घंटा वाजली.

शिवानी उठली, टीव्हीवरचा भरतकामाचा रुमाल बाजूला केला आणि बटण दाबलं.

"शिवानी!" चन्नप्पा गुरगुरला.

"अप्पा, मी बसते म्हणलं होतं. बसले. झालं."

पडद्यावर स्टेशन आलं. मास्तरचे केस पांढरे झाले होते. फलाटाला चकचकीत फरशी बसली होती, काचेचं ऑफिस होतं, थंड पेयांची रंगीत दुकानं होती, परदेशी पाट्या होत्या. रूळ तेवढे नव्हते. कुणीतरी आळीतून ओरडलं, "बराबर हाय! अगदी बराबर हाय!" पण शिवानी फक्त मास्तरचा उजवा खांदा बघत होती. चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. खांद्यामागं कुणी नव्हतं. मास्तर चालला. एकटाच. थांबला. एकटाच.

"ना शेंडा ना बुडखा," नवरामुलगा म्हणाला. "आमच्याकडं असलं बघत न्हाईत."

शिवानी पावसातच जिना चढली.

गच्चीवर केदारनाथ उकिडवा बसला होता. छत्री उघडलेली, पण धरलेली वायरच्या जोडावर. स्वतः चिंब.

"सोबतीण कुठं हाय?"

तो उठला. पाणी त्याच्या भुवयांवरून गळत होतं. "ती… नव्हतीच, शिवानी. टॉवरची लाट डोंगराला आपटून उशिरा यायची अँटेनावर. एकाची दोन चित्रं दिसायची. मास्तरच होता तो, त्याचीच फिकट सावली. ती फक्त आपल्याकडं दिसली. मुंबईत कुणी बघितलीच न्हाई."

"तुला कधीपासनं ठाव हाय?"

"हे काम शिकलो तवापासनं."

"महिनाभर माझ्यासंगं तिच्या गोष्टी करायलास, आन् ठाव होतं तुला?" तिचा आवाज चिरका झाला. "सांगितलं कावून न्हाईस?"

"सांगितलं असतं तर…" त्यानं छत्रीकडं बघितलं, मग तिच्याकडं. "तर तू माझ्यासंगं बोलली असतीस का उद्यापासनं? माझ्याकडं दुसरं काय होतं बोलायला? वायर ओढणारा मी. तुझ्या बापाच्या दुकानात साखर घ्यायला उभं राहायची बी लाज वाटती मला. पण तू गच्चीवर आलीस की… जोड ढिला नव्हता. एकदा बी नव्हता."

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

पाऊस दोघांमध्ये वाजत राहिला. शिवानीला रडू आलं होतं, पण आता ते सावलीसाठी नव्हतं. नऊ वर्षं जिला जीव लावला ती कुणी नव्हती, आणि समोर एक भिजलेला माणूस उभा होता, खरा, थरथरणारा, तोंडानं बोलणारा.

"मला करून घेणार का?" तिनं विचारलं. "हो का न्हाई, एवढंच सांग. कविता नको."

"हो," तो म्हणाला. मग घसा खाकरून, जरा मोठ्यानं, "हो!"

"मग चल खाली."

निथळत दोघं बैठकीत आली. शिवानीनं पाहुण्यांना हात जोडले. "तुमचा वेळ गेला, माफ करा. मला हे लग्न करायचं न्हाई. मला याच्याशी करायचंय."

काका पानाचं तबक सरकवून उठले. नवरामुलानं घड्याळ सारखं केलं. दार वाजलं, घर रिकामं झालं, आणि चन्नप्पाचा आवाज चढला, "वायर ओढणारा! आन् ते कोष्टी हायेत, आपण वाणी! लिंगायत असले म्हणून काय झालं? इतक्या पिढ्यांत आपण कोष्ट्यात पोरगी दिली न्हाई!"

खाली दुकानात गल्ल्यावर महात्मा बसवेश्वरांची तसबीर होती. ज्यांनी हे सगळे भेद मोडा म्हणत आयुष्य घालवलं, त्यांना चन्नप्पा रोज सकाळी ताजा हार घालायचा, आणि मग दिवसभर कोण कुठल्या पोटजातीचा हे बघत बसायचा. एकटा चन्नप्पा नाही. सगळी आळी, सगळा जिल्हा.

"मग उद्यापासनं त्यांना हार घालू नका, अप्पा," शिवानी शांतपणे म्हणाली. "एक तर हार तरी काढा, न्हाईतर पोटजात तरी. सकाळी मी पालीला चाललेय, याच्या आईबापाला भेटायला. पळून न्हाई, दिवसाढवळ्या, यष्टीनं. तुमी आलात तर रीत हुईल. न्हाई आलात तरी लग्न हुईल."

महानंदाबाईंनी केदारनाथच्या अंगावर टॉवेल फेकला. "पूस डोकं. आजारी नवरा नको पोरीला."

सकाळी पाऊस उघडला होता. पालीवरून जाणाऱ्या बीडच्या गाडीत शिवानी खिडकीशी बसली. मागच्या बाकावर केदारनाथ, इस्त्रीचा शर्ट घालून, घाबरलेला. तिनं मागं वळून बघितलं नाही, पण तिला तिथं त्याचा श्वास ऐकू येत होता. स्टँडच्या फाटकाकडंही तिनं बघितलं नाही. कुणाची वाट बघायची नाही, एवढं तिनं रात्रीच ठरवलं होतं. ड्रायव्हर चढला. इंजिन धडधडलं.

कंडक्टरनं दार ओढलं, तोच बाहेरून कुणीतरी ते बडवलं.

चन्नप्पा आत आला, धापा टाकत. कपाळावर विभूती, काखेत कापडी पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर. शिवानीच्या शेजारची जागा रिकामी होती. तिकडं न बघता तो थेट मागच्या बाकावर गेला.

"सरक बे," तो केदारनाथला म्हणाला.

केदारनाथ सरकला. गाडी हलली. बापानं पिशवी मांडीवर घेतली. मग कंडक्टर जवळ आला, तसे पैसे पुढं केले.

"तीन पाली," चन्नप्पा म्हणाला. आणि केदारनाथकडं न बघताच, "तुझी आई चहात साखर किती घालती रे? मी पाच किलोच घेतलीया."