नकाशाच्या चौकटीतलं बेट

तिला वाचवायला म्हणून त्याने बुटांसकट पाण्यात उडी मारली, आणि मग तिलाच त्याला वाचवावं लागलं.

आता यात इवांथियाचा काय दोष? प्रेषित एलियासच्या सणाची आदली संध्याकाळ होती, आणि त्या संध्याकाळी ग्रीसच्या टोकावरच्या कास्तेलोरिझो बेटाच्या बंदरात कुणी कोरडं राहायचं नसतं. अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घ्यायची. जो काठावर रेंगाळेल त्याला बाकीच्यांनी ढकलायचं, मग तो पाद्रीबाबा का असेना. यंदा पहिला मान इवांथियाला मिळाला, कारण मारूका मावशीने तिच्या हातातला ट्रे आधी प्रेमाने काढून घेतला आणि मग पाठीत धक्का दिला. निळा झगा फुग्यासारखा वर आला, केस तोंडावर, दोन्ही हात हवेत... "मावशी, थांब, बघतेच तुला," असं ती ओरडत होती आणि काठावरचं अख्खं गाव पोट धरून हसत होतं.

नेमकी तेव्हाच रोड्सहून बोट लागली होती. हातात पुठ्ठ्याचं खोकं घेऊन काठाकाठाने चालत आलेल्या त्या उंच माणसाला एवढंच दिसलं, की एक बाई बुडतेय आणि गाव हसतंय.

"लाज वाटत नाही का तुम्हाला?" असं तो मावशीलाच म्हणाला, खोकं तिच्या पायाशी ठेवलं, आणि धप्पकन पाण्यात.

आपल्याला पोहता येत नाही, हे त्याला नंतर आठवलं.

इवांथियाने पाण्याखाली त्याला गाठलं तेव्हा तो हातपाय झाडत नव्हता. डोळे टक्क उघडे ठेवून खाली बघत होता, लहान मूल पहिल्यांदा चर्चमध्ये शिरल्यावर छताकडे बघत राहतं ना, तसा. तिने त्याच्या हनुवटीखाली हात घातला, ओढत आपल्या दारच्या पायरीला आणून लावला. तो खोकला, पुन्हा खोकला, आणि पहिलं वाक्य बोलला ते हे –

"तळ दिसतो... एवढ्या खोलवरचा तळ दिसतो हो."

"दिसतो ना. अजून थोडं थांबला असतात तर हातालाही लागला असता."

"तुम्ही बुडत नव्हतात?"

"मी चालायच्या आधी पोहायला शिकलेय. याच पायरीवर."

"मग हात का वर केले होते?"

"सण आहे आज."

त्याने मागे वळून पाहिलं. एव्हाना पोलीस टोपीसकट पाण्यात होता आणि पाद्रीबाबा झगा सावरत उडी मारायच्या बेतात.

"तुमच्याकडे सणाला माणसं बुडवतात?" तो म्हणाला.

"तुमच्याकडे काय करतात?"

"मेंढी भाजतात."

"मग आमचंच बरं. आमच्यातलं कुणी शिजत तरी नाही."

तो हसला. ओल्या पापण्यांतून, जरासा उशिरा... आणि इवांथियाला उगाचच आपले केस नीट करावेसे वाटले.

तेवढ्यात फोतिनी येऊन उभी राहिली. इवांथियाची चार वर्षांची लेक. तिच्या अंगात सकाळपासून झोपेपर्यंत नारिंगी लाइफ जॅकेट असायचं. घराचं दारच पाण्यावर उघडणारं, तिथे आईच्या जिवाला स्वस्थता कुठली. जेवायलाही ती जॅकेट घालूनच बसायची. तिने त्या माणसाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "आई, याला माझं जॅकेट देऊ?"

त्याचं नाव झीसिस. उत्तरेकडच्या डोंगरातला, मेत्सोवोचा. भावाबरोबर चीजचा कारखाना चालवायचा. खोक्यात धुरावलेलं चीज होतं आणि मावशीने ते एव्हाना उघडून चाखलंही होतं. इवांथियाच्या घरातली वरची खोली भाड्याने त्यानेच घेतलेली निघाली.

"एवढ्या लांब इथे काय आहे बघायला?" त्या संध्याकाळी ओल्या कपड्यांनीच सगळे नाचत असताना तिने विचारलं. सणाला कपडे बदलायचे नसतात. झग्याचं पाणी दोघांच्या मधल्या फरशीवर ठिबकत होतं.

"आमच्या शाळेत भिंतीवर देशाचा नकाशा होता," झीसिस म्हणाला. "सगळी बेटं आपापल्या जागी. तुमचं तेवढं कोपऱ्यात, वेगळ्या चौकटीत. एवढं लांब, की नकाशात मावतच नाही. मला वाटायचं, त्या चौकटीत राहणारे लोक कसे असतील? बाहेर डोकावत असतील का?"

"आणि? कसे आहेत?"

"ओले," तो म्हणाला.

पाहुण्यांच्या बाबतीत इवांथियाचा एक नियम होता. खोली झाडून द्यायची, साखर-दालचिनीची गरम पोळी, कातुमारी, ताटात वाढायची, हसून बोलायचं; पण बोट सुटताना निरोप द्यायला धक्क्यावर जायचं नाही. एकदाच गेली होती. फोतिनी तेव्हा पोटात होती. नवरा ऑस्ट्रेलियात, पर्थला निघाला होता, तिथे अर्धं गाव आधीच जाऊन बसलेलं. घर बघतो, मग तुम्हाला बोलावतो, म्हणाला. बोलावणं आलं नाही, घटस्फोटाचे कागद आले. रडून झालं, तेही आता जुनं झालं. पण बोटीचा भोंगा वाजला की ती अजून खिडकीची झडप ओढून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायरीवर चादरी पिळत होती, तर झीसिस येऊन उभा. "मला पोहायला शिकवाल? तळ... परत बघायचाय."

"घाबरणार नाही?"

"घाबरेन की. तुम्ही आहात ना."

असं सुरू झालं ते. सकाळी पाणी काचेसारखं असायचं, नांगरलेल्या होड्या हवेत टांगल्यासारख्या दिसायच्या, आणि खाली त्यांच्या सावल्या वाळूवर पसरलेल्या. इवांथियाने हे जन्मभर पाहिलेलं. पण तो प्रत्येक सकाळी पहिल्या पायरीवर थांबायचा, श्वास रोखून, जणू कुणी त्याच्यासाठी रात्रभर जागून हे मांडून ठेवलंय.

"पोट वर."

"पोट खाली जातंय."

"चीज कमी खा मग."

"हा हात काढू नका हं पाठीखालचा."

"केव्हाच काढलाय," ती म्हणाली, आणि तो लगेच बुडाला.

समोरचे डोंगर उन्हात गुलाबी व्हायला लागले की तो बोट दाखवून विचारायचा, "तो खरंच दुसरा देश?" तिला गंमत वाटायची. "हो. तुर्कस्तान. मावशी तिथे भाजी आणायला जाते." तो अवाक होऊन मावशीकडे बघायचा. मावशी पडवळासारखी मान ताणून म्हणायची, "काकड्या चांगल्या मिळतात रे तिकडे."

एका सकाळी तो उताणा तरंगत होता, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून. आणि त्याच्या खांद्याशेजारी पाणी हललं. कासव वर आलं. भलंमोठं, म्हातारं, पाठीवर शेवाळ. त्याने एक सुस्कारा सोडला, अगदी माणसासारखा. झीसिसने डोळे उघडले. ती ओरडणार होती, घाबरू नका... पण तो घाबरलाच नव्हता. तो हलायचंच विसरला होता. म्हणून तर बुडाला नाही.

"इवांथिया," तो कुजबुजला, पहिल्यांदाच नुसतं नावाने. "बघतेयस?"

ती बघत होती. याच कासवाला तिने कितीदा झाडूने हाकललं होतं, माशांची आतडी ओढून नेतं म्हणून. आज त्याच्या पाठीवर उजेड जाळीसारखा हलताना दिसला, आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या... अंगावर काटा आला तिच्या. एवढं सगळं आपल्या दारात होतं?

"बघतेय," ती म्हणाली. आणि खरं तर कासव केव्हाच खाली गेलं होतं.

"मला पोहता येतं, असं कधी म्हणायचं गं?" पायरीवर अंग सुकवताना त्याने विचारलं.

"त्या पलीकडच्या बोटीच्या धक्क्यापासून इथे माझ्या पायरीपर्यंत येशील तेव्हा. आमच्या गावात तेवढं पोहल्याशिवाय पोराला कुणी मोठं म्हणत नाही."

"या जन्मी काही हा मोठा होत नाही," मावशी खिडकीतून म्हणाली.

सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर ठीक होतं. पण फोतिनी त्याला डोंगरकाका म्हणायला लागली. त्याच्या मांडीवर बसून बर्फ म्हणजे काय ते ऐकायला लागली. आणि एका दुपारी केस विंचरून घेताना तिने विचारलं, "आई, काका बोटीत बसले तर परत येतील ना?"

इवांथियाच्या हातातला कंगवा थांबला.

संध्याकाळी तिने त्याला अंगणाच्या कोपऱ्यात गाठलं. "एक सांगायचं होतं. फोतिनीला काही कबूल करू नकोस. ती लहान आहे. ती... ती वाट बघत बसेल."

"बरं. आणि तुला?"

"मला तर मुळीच नको. बोटीत बसणारे सगळे काहीतरी कबूल करूनच बसतात."

तो बंदराकडे वळला. पाण्यात घरांची रंगीत प्रतिबिंबं लांबत चालली होती.

"मग न बोलता केलं तर चालेल?" त्याने विचारलं.

तिला कळलं नाही. किंवा कळलं, आणि कळून घ्यायचं नव्हतं. ती चादरींच्या घड्या घालायला आत निघून गेली.

बोट आली ती लख्ख सकाळी. झीसिस बॅग घेऊन खाली उतरला, फोतिनीच्या जॅकेटचा बंद नीट बांधला, मावशीचा हात हातात घेतला. इवांथिया वरच्या खोलीतून खाली आलीच नाही. त्याच्या उशीचा अभ्रा काढत होती. अभ्र्याला समुद्राचा वास येत होता... डोंगरातल्या माणसाच्या उशीला.

भोंगा वाजला. तिने खिडकीची झडप ओढून घेतली. दुसऱ्यांदा वाजला. ती जोरजोराने चादर झटकत राहिली, बोटीचं इंजिन लांब जाईपर्यंत, काठावर आपटणाऱ्या लाटा शांत होईपर्यंत.

"आई..." खालून फोतिनीचा आवाज आला. "काका पाण्यात आहेत."

इवांथिया जिना कसा उतरली ते तिचं तिलाच ठाऊक नाही. फोतिनी पायरीवर उभी होती आणि मावशीने तिच्या जॅकेटची पट्टी घट्ट पकडली होती. बोट बंदराबाहेर वळत होती. आणि बंदराच्या मधोमध, अंगात पांढरा शर्ट, पाठीवर तो फुग्यासारखा फुगलेला, झीसिस येत होता. बेडकासारखा, वेडावाकडा, नाकातोंडात पाणी घेत. चालत आला असता तर केव्हाच पोहोचला असता. काठावरच्या खुर्च्यांतून माणसं उभी राहिली होती. हसत कुणीच नव्हतं.

"बॅग बोटीतच गेली वाटतं याची," मावशी पुटपुटली.

आणि मग तो थांबला. डोकं पाण्यात गेलं. वर येईना.

इवांथियाने विचार केला नाही. अ‍ॅप्रनसकट, चपलांसकट उडी मारली. त्याच्यापर्यंत गेली, हनुवटीखाली हात घातला आणि त्याचं डोकं वर काढलं... तर तो हसत होता.

"बुडत होतास?"

"छे. तळ बघत होतो." तो धापा टाकत होता. "इथे मधे तर केवढं खोल आहे... तरी दिसतो, इवांथिया. शेवटपर्यंत दिसतो."

तिला रागवायचं होतं. पाण्याखाली त्याचे पाय हलत होते, हळू, स्वतःच्या बळावर.

"तू का उडी मारलीस?" त्याने विचारलं.

"सण आहे आज," ती म्हणाली.

"कुठला?"

तिने तोंडावरून हात फिरवला. पापण्यांवरचं पाणी नुसतंच समुद्राचं नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

"कारखाना आता तूच बघ, असं भावाला तोंडावर सांगायला मला एकदा डोंगरात जावं लागेल," तो म्हणाला. "मी कबूल काहीच करत नाहीये हं..."

"बोलू नकोस." तिने खोल श्वास घेतला. एवढी वर्षं जो धक्का तिने टाळला तो समोरच होता, उन्हात, रिकामा. "पुढच्या बोटीने आम्ही दोघी येतो तुझ्याबरोबर. तिला बर्फ पडतो ते डोंगर बघायचेत. मलाही. मग तिघं परत येऊ."

ज्या नजरेने तो कासवाकडे बघत राहिला होता, त्याच नजरेने तो तिच्याकडे बघत राहिला, आणि यावेळीही हलायचं विसरला.

पायरीवरून फोतिनी ओरडून सांगत होती, "आई, सोड ना त्यांना. ते बुडत नाहीयेत."

इवांथियाला ते केव्हाच दिसलं होतं. तिने हात सोडला नाही.