आमच्या घरी ती मोठी झाली

स्वतःच्या चष्म्यावर बसलेला माणूस आमच्या चष्म्यांच्या दुकानात येऊन कधी खरं बोलत नाही. "हातातून पडला हो," असंच म्हणतो. हा मात्र आला तोच मोडकी दांडी पुढे करत म्हणाला, "बसलो मी याच्यावर. चांगला ऐसपैस."

मला हसू फुटलं. ते लपवायला मी मान खाली घालून स्क्रू शोधू लागले... आणि सवयीनं गुणगुणू लागले. दुपारची वेळ, दुकानात दुसरं कुणी नाही, आणि काउंटरपलीकडे हा, चष्म्याविना डोळे बारीक करून माझ्याकडे बघणारा.

"तिचंच ना हे गाणं?"

"तिचंच."

आमच्या पिढीला 'ती' म्हणजे कोण, हे सांगावं लागत नाही. ऐन भरात, सत्ताविसाव्या वर्षी विमान अपघातात गेली ती. कुठल्याशा लहान गावी गायला निघाली होती, धुक्यात विमान डोंगराला धडकलं. मोठमोठे गायक होते तेव्हाही, पण हिचं गाणं म्हणजे शेजारच्या खोलीतून कुणी आपल्याला हाक मारावी तसं. लांबवलेला सूर ती अशी सोडायची, की जणू झोपलेलं मूल अलगद खाली ठेवतेय!

"सुरेख म्हणता हो," तो म्हणाला. "फक्त... एक सूर खाली म्हणताय."

घ्या! गोड बोलून चिमटा. मी दांडी बसवली, चष्मा त्याच्या हातात ठेवला. "आता नीट दिसेल तुम्हाला. कानांचं काम आमच्याकडे होत नाही."

तो खो खो हसत गेला. आणि संध्याकाळी, तिच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाच्या तालमीला, नवे कीबोर्डवादक म्हणून जे गृहस्थ उठून उभे राहिले ते अर्थात हेच.

"कान दाखवून आलो," तो हळूच म्हणाला. "ठीक आहेत म्हणे."

हा कार्यक्रम तिचं चाहते मंडळ दर वर्षी करतं, आणि गेली काही वर्षं तिची गाणी मी म्हणते. आतापर्यंत साथीला ॲकॉर्डियनवाले मास्तर होते. मी जिथून सुरू करीन तिथून ते मुकाट्यानं यायचे. आता ते लेकीकडे राहायला गेले, आणि त्यांच्या जागी हा दीडशहाणा!

पहिल्याच गाण्याला गाडी अडली.

"मूळ गाणं काळी पाचमध्ये आहे, तुमच्याहून एक सूर वर," तो म्हणाला.

"काळी चार! लहानपणापासून ऐकतेय मी."

"मीही लहानपणापासूनच ऐकतोय."

मंडळाच्या अध्यक्षकाकांनी हात वर केला. "मूळचाच सूर हवा. लोक तिला ऐकायला येतात, बाईसाहेब." मग मी तिथून म्हणून पाहिलं. अंतऱ्यात आवाज असा फाटला की मलाच कानावर हात ठेवावेसे वाटले. तो खाली बघत राहिला. हसला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं!

त्यानंतर त्याच्या चष्म्याला काय रोग लागला कोण जाणे. दर दोन-चार दिवसांनी दांडी ढिली.

"परत बसलात?"

"छे. स्क्रू आपोआप निघतो."

"स्क्रूवर तुमच्या नखाचे ओरखडे दिसताहेत."

"एवढं बारीक दिसतं तुम्हाला?" तो कानापर्यंत लाल झाला. "मग... बाकीचंही दिसत असेल."

दिसत होतं हो, सगळं दिसत होतं. पण एवढ्यात कबूल कोण करणार? मी फडक्यानं काच पुसत राहिले. पुसून पुसून ती काच झिजायचीच बाकी होती.

काळी पाच का काळी चार, हा वाद मिटवायला शेवटी मीच त्याला आईच्या दुकानात बोलावलं. आई कपडे शिवते. तिच्या मशीनशेजारी टेपरेकॉर्डर असतो आणि त्यात कायम 'ती'. माझं सगळं गाणं तिथलं, कापायच्या टेबलाखाली बसून चिंध्यांशी खेळता खेळता शिकलेलं. रेडिओवर तेच गाणं लागलं की आई वैतागून बंद करायची. "यांना मेली कार्यक्रम उरकायची घाई! गाणं पळवतात नुसतं."

तो आला ते काखेत रेकॉर्ड प्लेअर मारून. आईनं त्याला नखशिखांत न्याहाळलं, मग मला. "चष्मा बरा आहे ना आता?" तिनं विचारलं. म्हणजे हिलाही ठाऊक!

आधी आईची टेप लावली. तो डोळे मिटून ऐकत होता. मग त्यानं विचारून टेपरेकॉर्डर उघडला आणि आतला रबरी पट्टा बोटानं उचलून दाखवला. लोंबत होता बिचारा.

"काकू, हा कधी बदललाय?"

"बदलतेय कशाला? चालतोय की. ती गेली त्या दिवशीही हाच होता." आईचा हात मशीनच्या चाकावर थांबला. "बातमी आली तेव्हा दुकानात पाच-सहा बायका होत्या. मी टेप लावली नि मशीन चालू केलं... रडू ऐकू येऊ नये म्हणून."

त्यानं रेकॉर्ड लावली.

अगंबाई! आवाज तोच, पण चपळ, उंच, कोवळा. शब्दाच्या टोकाला हसू सांडत होतं. मी आयुष्यभर ऐकलेली भरदार, सबुरीची बाई कुठे गेली? ही तर मुलगी होती. माझ्याहूनही लहान.

"पोर होती गं ही..." आई खुर्चीत टेकली. "एवढीशी पोर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी रागही आला. मी ताडकन बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले. तो मागोमाग आला.

"जिंकलात ना? जा आता. अध्यक्षकाकांना सांगा, दुसरी कुणी बघा. इतकी वर्षं मी कुणाचं गाणं गात होते, तेच मला कळेनासं झालंय. तिच्या जागी मी उभी राहणार नाही."

तो जरा अंतर ठेवून बसला. चष्म्याची दांडी उघडमीट करत राहिला.

"सैल पट्ट्यानं टेप हळू फिरते, सूर उतरतो. पण पट्टा एका दिवसात सैल होत नाही," तो म्हणाला. "दर वर्षी थोडा थोडा होतो. म्हणजे तुमच्याकडे तिचा आवाजही दर वर्षी थोडा थोडा खाली आला, भरत गेला. आम्हा सगळ्यांची ती सत्ताविशीत थांबली. तुमच्या घरी ती मोठी झाली. मी जन्मभर तिच्या रेकॉर्डी ऐकल्यात, पण ही तिची गाणी मी कधी ऐकली नव्हती... तुम्ही म्हणेपर्यंत."

मी उठून आत गेले आणि आईची टेप पुन्हा लावली.

कार्यक्रमाला सभागृह तुडुंब भरलं. अध्यक्षकाका पहिल्या रांगेत, शेजारी आई. माझे तळहात घामानं ओले. आज लोकांनी 'ही ती नव्हे' म्हटलं असतं, तर मी पुन्हा तोंड उघडलं नसतं. मी कीबोर्डकडे पाहिलं. त्यानं हात पट्ट्यांवर तयार ठेवले होते आणि डोळ्यांनी विचारत होता, कुठून?

"काळी चार," मी माइकवरच म्हटलं.

काकांच्या भुवया वर गेल्या. मग मी लोकांना सगळं सांगून टाकलं, आईची टेप, सैल पट्टा, सगळं. "तिच्यासारखं मला येत नाही," मी म्हटलं. "तिला वय मिळालं असतं तर ती कशी गायली असती, ते मात्र आईच्या दुकानात मी रोज ऐकलंय. तेवढं ऐका."

आणि गायले. शेवटचा सूर खाली ठेवला तरी कुणी हललं नाही. मग काका उठून उभे राहिले. त्यांना टाळ्या वाजवता येत नव्हत्या, कारण ते दोन्ही हातांनी डोळे पुसत होते. वाजवल्या त्या बाकीच्या सगळ्यांनी.

सभागृह रिकामं झालं. तो वायरी गुंडाळत होता, तीच वायर पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळत होता.

"बोला आता," मी म्हटलं. "काय चूक झाली?"

"एकही नाही." तो माझ्याकडे बघेना. "मला एक सांगायचंय. तिचा आवाज म्हातारा झालेला कुणालाच ऐकायला मिळाला नाही. तुमचा... तुमचा मला ऐकायचाय. जवळ बसून. रोज."

"रोज?"

"भांडणं धरून."

हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं. "हो," मी म्हटलं. तेवढाच सूर निघाला, तोही कापरा. त्यानं वायर खाली टाकली आणि माझा ओला तळहात आपल्या हातात घेतला.

दारातून आईचा आवाज आला. "चल गं, निघायचं ना?"

"तू हो पुढे, आई," मी म्हटलं. "आम्ही येतो."

'आम्ही' ऐकून आई थबकली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीवरची माझी पिशवी उचलून, आपल्या खांद्याला अडकवून पुढे निघाली.