वळणावर घसरलेले पाच

"शनिवारी सायकल जाणारच आहे, तर निदान स्वच्छ होऊन तरी जाऊ दे," असं मामा चहा पिता पिता म्हणाले आणि कामावर निघून गेले. म्हणून मंगळवारी सकाळी तिघं जण मावशीच्या घरामागे बादली, ब्रश आणि फडकी घेऊन बसली होती. सुट्टीतलं इतकं कंटाळवाणं काम आजवर कुणी दिलं नव्हतं.

तिघांतली शेंग तेरा वर्षांची. उंच आणि किडकिडीत, म्हणून शेंग. सुट्टीपुरती ती मामांकडे राहायला आली होती. टिपण हा तिचा मामेभाऊ. त्याच्या खिशात कायम एक वही असे आणि समोर जे घडेल ते तो टिपून ठेवत असे. अगदी कोण किती वेळा शिंकलं तेसुद्धा. तिसरी शेजारची भोंगा. ती कुजबुजली तरी जिन्याच्या वरच्या टोकाला ऐकू जायचं.

सायकल होती मावशीची. मावशी म्हणजे टिपणची आत्या. मामांच्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांत ती एकटी राहायची. दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर मेण आणि प्लास्टर हाताळून लोकांच्या कवळ्या घडवायची. आणि रविवार उजाडला की डोंगरात सायकल चालवायला जायची. वय चव्वेचाळीस. शर्यतीत नंबर लागला तर तो शेवटून चौथा-पाचवा. त्याचं तिला काही वाटत नसे. रस्त्यावरच्या शर्यतीत माणूस माणसाशी झुंजतो, डोंगरातल्या शर्यतीत झाडाच्या मुळाशी आणि सुट्या दगडाशी, असं तिचं म्हणणं. सायकलीच्या सामानाबद्दल तर तिची मतं ठाम होती. लोक सायकल किती हलकी यावर तासभर बोलतात, पण जमिनीला टेकतात ते टायर आणि घरी आणतात ते ब्रेक, या दोन गोष्टींवर कुणी पाच मिनिटंही बोलत नाही. टायरमध्ये हवा जरा कमीच ठेवायची, म्हणजे ते दगडाला धरून चालतं. सायकल धुवायची ती बादलीतल्या पाण्यानं. साखळीला तेल द्यायचं ते एकेक थेंब, हातानं. आणि ब्रेकच्या चकतीला बोटसुद्धा लावायचं नाही, कारण बोटाचा तेलकटपणाही तिला बिघडवायला पुरतो.

तीन आठवड्यांपूर्वीच्या शर्यतीत मावशी पडली होती. लांबलचक चढ संपून पहिला उतार लागतो, तिथल्या काटकोनी वळणावर ती सरळ झाडावर जाऊन आदळली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. तिला गाडीत घालत असतानाच क्लबचे अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ब्रेक उशिरा दाबला. वय झालं की हात उशिरा हलतो, त्याला काय करणार?"

ते वाक्य गावभर झालं. प्रयोगशाळेतल्या बायकांनी ऐकलं, शेजाऱ्यांनी ऐकलं. मामांनी तर ते आपलंच असल्यासारखं तोंडी घेतलं. हातच नसल्यानं मावशीचं काम बंद होतं. सुरुवातीला ती म्हणायची की ब्रेक वेळेवर दाबला होता. मग तिनं म्हणणं सोडलं. घरी आणून टेकवलेल्या सायकलवर तिनं एक जुनी चादर टाकली आणि पुन्हा ती उचलली नाही. शेवटी मामांनी गिऱ्हाईक शोधलं, तेव्हा ती नुसती "बरं" म्हणाली.

सायकल धुऊन पुसून झाली, तशी भोंगा तिच्यावर चढून बसली. घरामागे छोटासा उतार होता आणि खाली पत्र्याचा दरवाजा. टिपणनं तिला बजावलं, की आत्याचा ब्रेक एका बोटानं लागतो, जोरात दाबलास तर डोक्यावरून पडशील. भोंगानं एका बोटानं दाबला. मग दोन बोटांनी. मग दोन्ही मुठी आवळल्या. चाकातून कर्कश किंचाळी निघाली, पण सायकल थांबली नाही, आणि भोंगा धाडकन पत्र्यावर जाऊन आपटली.

"ब्रेक लागतच नाहीये!" ती ओरडली. वरच्या मजल्यावरच्या तीन खिडक्या उघडल्या.

टिपणनं पुढच्या चाकातले, चकतीला आवळून धरणारे ब्रेकचे पॅड काढले. आत्यानंच त्याला ते शिकवलं होतं. पॅड खरखरीत आणि करडे असायला हवेत. हे काळे होते, काचेसारखे चमकत होते. शेंगनं एक उचलून वास घेतला. तेल. साखळीचं नव्हे, गंज लागू नये म्हणून डब्यातून फवारतात ते उग्र वासाचं. तो वास तिला ओळखीचा वाटला आणि तिनं पॅड पटकन खाली ठेवला.

टिपणनं वही काढली. शर्यतीच्या दिवशी तो त्याच वळणावर उभा होता आणि वळणाबाहेर घसरत गेलेल्या प्रत्येकाचा क्रमांक त्यानं लिहिला होता. एकतीसपैकी पाच. पाचवी आत्या. बाकीचे चार ओळखीचेच निघाले: पोस्टमन, बेकरीवाली, दवाखान्यातला कंपाउंडर आणि भोंगाचे गणिताचे सर.

दुपारी तिघं पोस्टमनकडे गेली. तो टपाल लावत बसला होता. ब्रेकचं नाव काढताच त्यानं गठ्ठा खाली ठेवला. त्या उतारावर ब्रेक मेल्यासारखा झाला होता, तो कसाबसा झुडपात शिरून वाचला. सायकलला कुणी हात लावला होता का, असं टिपणनं विचारलं. तसं काही नाही, पोस्टमन म्हणाला. फक्त सरावाच्या फेरीनंतर क्लबच्या तंबूत फुकट धुऊन देत होते, ती धुऊन घेतली. साखळीला तेलही मारून दिलं.

टिपण भराभर लिहीत होता. भोंगा पुढचा प्रश्न विचारत होती. शेंग मात्र दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

बेकरीवालीनंही तंबूतच धुतली होती. कंपाउंडरनंही. गणिताच्या सरांनी तर तिघांना बसवून घेतलं आणि चूक काढली. "फक्त घसरलेल्यांना विचारून काय सिद्ध होतं? जे घसरले नाहीत, ते तंबूत गेले होते का, ते आधी बघा."

म्हणून बुधवार आणि गुरुवार तिघं न घसरलेल्यांच्या मागे हिंडली. सहा जण सापडले. पाच जण तंबूत गेलेच नव्हते. सहावी गेली होती, पण तिनं नुसती धुऊन घेतली, तेलाला नको म्हणाली. टिपणनं वहीत दोन रकाने आखले आणि खूश होऊन वही बंद केली. मग ती पुन्हा उघडली.

"एक जुळत नाही. आत्या तर तंबूत जाणं शक्यच नाही. ती दुसऱ्या कुणाला सायकल धुऊच देत नाही."

तिघं बेकरीसमोरच्या कट्ट्यावर बसली होती. शेंग आपल्या बुटांकडे बघत होती.

"मी नेली होती," ती म्हणाली.

त्या सकाळी मावशी छातीवर क्रमांक लावून घ्यायला रांगेत उभी होती. सरावाच्या फेरीनं सायकल चिखलानं माखली होती. शेंगला वाटलं, परत येईल तेव्हा चकचकीत दिसेल, मावशी खूश होईल. तंबूतल्या माणसानं पाणी मारलं, मग डबा हलवून साखळीवर फवारलं, आणि शेंगनं सायकल जागेवर आणून ठेवली. मावशी आली, तिनं भुवया उंचावल्या, पण तेवढ्यात शिट्टी झाली आणि ती निघाली. नंतर झाडाचं, मनगटाचं, हॉस्पिटलचं एवढं झालं की धुण्याची गोष्ट शेंगच्या मनातूनच गेली. निदान मंगळवारपर्यंत तरी तिनं ती जाऊ दिली होती.

टिपणनं वही खिशात घातली. मग भोंगा, आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर हळू आवाजात म्हणाली, "आता थांबायचं का?"

शेंगनं नकारार्थी मान हलवली. रविवारी त्याच डोंगरावर मुलांची शर्यत होती. तंबूही तोच लागणार होता.

शुक्रवारी सकाळी मावशीची सायकल घेऊन तिघं तंबूतल्या माणसाकडे गेली. तो एरवी गाड्या धुवायचा. त्याचं दुकान म्हणजे ओला फरसबंद चौक, दोन जाड नळ्या आणि भिंतीवर डब्यांची रांग. शेंगनं पुढच्या नि मागच्या चकतीवर पांढरा कागद चिकटवला होता. हे काय, असं त्यानं विचारलं, तेव्हा टिपणनं गंभीरपणे सांगितलं की सुट्टीतला प्रकल्प आहे. माणूस हसला. त्यानं डबा हलवला, साखळीवर सरकन फवारा मारला, मग पुढच्या चाकाच्या आसालाही, गंजू नये म्हणून.

शेंगनं कागद काढून उजेडात धरला. मागच्या कागदावर बारीक ठिपके होते. पुढच्या कागदाच्या मधोमध तळहाताएवढा तेलाचा डाग पारदर्शक झाला होता.

काय झालंय ते कळल्यावर माणूस उलट्या बादलीवर बसला. गाड्यांच्या बिजागऱ्यांना मारतो तेच मारलं, तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सायकलची चकती अशी उघडी असते आणि तिला तेल चालत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो माणूस वाईट नव्हता. शेंगला वाटलं, वाईट असता तर सोपं गेलं असतं.

अध्यक्षांचं ऑफिस क्लबच्या वर होतं. भिंतीवर ढाली, टेबलावर रविवारची नावनोंदणी. टिपणनं वही ठेवली, शेंगनं कागद ठेवले. अध्यक्षांनी दोन्ही पाहिलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. ते आधी शेंगच्या ध्यानात आलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

ते उठून दार लावून आले. त्या संध्याकाळी चौघांनी ब्रेक लागला नाही अशी तक्रार केली होती आणि चौघांच्याही सायकलींना तंबूत तेल मारलेलं होतं हे आपल्या लक्षात आलं होतं, असं त्यांनी कबूल केलं. पण मुलांची शर्यत तोंडावर होती. बोभाटा झाला असता तर पालकांनी नावं काढून घेतली असती. या वेळी तंबूत तेल मारायचं नाही, असं आपण सांगणारच होतो.

"सांगितलंत?" भोंगानं विचारलं.

ते विसरले होते.

"आणि आमची मावशी?" शेंग म्हणाली. "तिचा हात उशिरा हलला, असं तुम्ही गावभर केलंत."

तो शब्द सहज निघून गेला, अध्यक्ष म्हणाले. उद्याच तेलाचे डबे उचलायला लावतो, तुम्ही पोरांनी शाबासकी मिळवलीत. त्यांनी तिघांच्याही पाठीवर थाप मारली. शेंगला ती नको होती.

संध्याकाळी ती एकटीच मावशीकडे गेली. मावशी डाव्या हातानं मेणाचा एक दात कोरायचा प्रयत्न करत होती आणि तो सारखा तुटत होता. शेंगनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाच जण, तंबू, कागद. शेवटी, सायकल कुणी नेली ते.

मावशीनं चाकू खाली ठेवला. "तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे मी स्वतःला विचारतेय, की खरंच माझा हात उशिरा हलला का. आणि तू इथेच, वरच्या मजल्यावर होतीस."

"मला आठवलं नव्हतं."

"मंगळवारी आठवलं ना? आज शुक्रवार आहे."

मावशीनं तिला जायला सांगितलं. रागावून नव्हे, थकल्यासारखं.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. मावशी दारातच त्याला म्हणाली की सायकल आता विकायची नाही, आणि तो कुरकुरत परत गेला. शेंग जिन्यात उभी होती. मावशीनं तिच्याकडे पाहिलं नाही.

रविवारी डोंगराच्या पायथ्याशी गर्दी होती. तंबू होता; पाणी होतं, तेल नव्हतं. शर्यतीआधी अध्यक्षांनी माइकवर तिघांना पुढे बोलावलं. आपल्या क्लबच्या या चाणाक्ष मुलांनी सुट्टीत एक छान प्रयोग केला आणि सुरक्षेची एक उपयुक्त सूचना केली, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मामा सगळ्यांत जोरात वाजवत होते. गणिताचे सर म्हणाले, "वा." पाच घसरलेल्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मावशी दोराच्या पलीकडे उभी होती, हात गळ्यात.

अध्यक्ष माइक बंद करणार, इतक्यात शेंगनं तो धरला.

"तीन आठवड्यांपूर्वी पाच जणांच्या ब्रेकवर या तंबूत तेल उडालं होतं," ती म्हणाली. "माझ्या मावशीनं ब्रेक वेळेवर दाबला होता. तो लागला नाही. तिची सायकल तंबूत तिला न विचारता मी नेली होती. आणि अध्यक्षांना हे त्याच संध्याकाळी कळलं होतं."

पोस्टमननं आधी टाळी वाजवली, मग बेकरीवालीनं. बाकीचे एकमेकांकडे बघत होते. काही पालक थेट अध्यक्षांकडे निघाले. मामांनी टाळ्या थांबवल्या होत्या. ते बहिणीकडे गेले आणि काहीतरी पुटपुटले. मावशी त्यांना म्हणाली, की आता नको, नंतर बोल.

पालकांनी एकेका सायकलचा ब्रेक स्वतः तपासला, म्हणून शर्यत अर्धा तास उशिरा सुटली. शेंग दोराखालून वाकून मावशीजवळ जाऊन उभी राहिली. मुलं चढाला लागली होती.

"बोललीस ते बरं केलंस," मावशी म्हणाली.

"राग गेला?"

"नाही."

"कधी जाईल?"

"ठाऊक नाही. डॉक्टर म्हणतात, मनगट पूर्वीसारखं वळणार नाही. कवळ्या जमतील, उतार जमेल की नाही ते बघायचं." तिनं गळ्यातला हात सावरला. "राग गेला की सांगेन तुला. उगाच गेला म्हणून सांगणार नाही."

शेंगनं मान डोलावली. मावशीनं डाव्या हातानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि झाकण फिरवायला गेली. एका हातानं ते निघेना. थोडा वेळ खटपट करून तिनं बाटली शेंगपुढे धरली. शेंगनं झाकण काढून दिलं, आणि मावशीचं पाणी पिऊन होईपर्यंत ते मुठीत धरून ती उभी राहिली.