पियानोला भाता नसतो

गुरुवारी दुपारी खांद्यावर गठ्ठा घेतलेला एक उंच माणूस संगीताच्या वर्गाच्या दारात थबकला. ऑफिस कुठं आहे, एवढंच त्याला विचारायचं होतं. पण तोंड उघडण्याआधीच कीर्तीनं त्याला आत ओढलं. म्हणजे हाताला धरून नव्हे, शिक्षिकेला ते शोभत नाही. नुसत्या नजरेनं.

"तुम्हीच ना पियानोवाले? किती वाट बघायची?"

"व्हय," तो म्हणाला.

शाळेनं गेल्या महिन्यात डिजिटल पियानो घेतला होता, कारण पेटी जुनाट दिसते असं मुख्याध्यापिका बाईंचं मत पडलं. शनिवारी स्नेहसंमेलन. "स्वागतगीत शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे हं. नाहीतर पुढच्या वर्षी पुण्याहून कुणीतरी बघू," असं बाई गोड हसून म्हणाल्या होत्या. बाई गोड हसल्या की कुणाची तरी नोकरी जाते, हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

"ह्याला आवाजच नाही हो," कीर्ती म्हणाली. "सगळा व्हॉल्यूम वाढवला, तरी आजारी माणसासारखा कण्हतोय."

"वाजवून दाखवा की."

त्याच्या आवाजाला मात्र कसलाच आजार नव्हता. खिडकीतलं कबूतर उडालं.

कीर्तीनं वाजवलं. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवरून अलगद सरकली आणि डावा हात पियानोच्या मागं जाऊन काहीतरी शोधू लागला. ते सापडेना, तेव्हा तो हवेतच पुढं-मागं हलत राहिला.

"मॅडम, हा हात कुणाला टाटा करतोय?"

कीर्तीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "सवय आहे... बाबा भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवतात. मी चौथीपासून पेटीवर. पेटीत बोट नुसतं ठेवायचं, जोर सगळा भात्याचा."

"मग ह्यात जोर कुणाचा?"

"ते तुम्ही सांगायचं!"

त्यानं गठ्ठा खाली ठेवला, माहितीपुस्तक उघडलं आणि एक बटण दाबलं. पियानोतून ढोल सुरू झाला. दुसरं दाबलं, तर बासरी.

"मशीन समजून घेतोय," तो गंभीरपणे म्हणाला.

तेवढ्यात कीर्तीचा फोन वाजला. पियानोचा मेकॅनिक बोलत होता. तो माळशिरसला अडकला होता आणि सोमवारशिवाय यायचा नव्हता. कीर्तीनं फोन ठेवला आणि समोरच्या माणसाकडं पाहिलं.

"मग तुम्ही कोण?"

"मृत्युंजय. इथंच भवानी पेठेत आमचे माग आहेत. पाहुण्यांच्या सत्काराचे टॉवेल आणलेत."

"मग व्हय कशाला म्हणालात?"

"तुम्ही अशा बघत होता की... नाही म्हणवेना." पुस्तकात डोकं घालून तो पुढं म्हणाला, "आणि माग काय, पियानो काय. ताण जास्त झाला की धागा तुटतो, कमी झाला की कापड ढिलं. इथंबी कुठंतरी बसवायचा असणार की... हे बघा. टच. लाइट, मीडियम, हेवी, फिक्स."

पियानो हेवीवर होता. पट्टी हाणल्याशिवाय तो तोंड उघडणार नव्हता, आणि कीर्ती तर त्याला कुरवाळत होती.

"फिक्स म्हणजे?"

"कसंबी दाबा, आवाज सारखा."

"मग तेच ठेवा. पेटीसारखं. धोका नको."

त्यानं फिक्स केलं. तिनं वाजवलं. तो ऐकत उभा राहिला, चेहरा पाडून.

"कारखान्याचा भोंगा झाला हा. हळू म्हणायचं ते हळूच ऐकू यायला पाहिजे की, मॅडम!"

हे तो अशा आवाजात म्हणाला की शेजारची सातवी ब गप्प झाली. चोवीस तास मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला तो आपला नेहमीचा आवाज वाटत होता.

शुक्रवारी तो पुन्हा आला. टॉवेलची किनार बाईंना आवडली का, हे विचारायला. बाईंचं ऑफिस दुसऱ्या टोकाला होतं, पण त्याला वाट हीच सापडली. कीर्ती हेडफोन लावून मनगटातून पट्ट्या दाबायचा सराव करत होती. टच आता मीडियम. तिला काही ऐकू जाणार नाही, अशी खात्री करून तो त्याच्या मते अगदी कुजबुजला, "मॅडम, तुम्ही मला लई आवडता."

नेमकी त्याच क्षणी ती कडव्यांच्या मधे थांबली होती. भिंतीपलीकडं सातवी ब "ओऽऽ!" म्हणाली.

कीर्तीनं हेडफोन काढले. "काय म्हणालात?"

"काय नाही... टॉवेल."

"टॉवेल, तुम्ही मला लई आवडता?"

मृत्युंजय पायातल्या चपलेकडं बघू लागला.

"अख्ख्या सातवी 'ब'नं ऐकलंय. मी एकटीनं 'नाही ऐकलं' म्हणणं बरं दिसणार नाही," ती म्हणाली. ओठांवरचं हसू तिनं मोठ्या कष्टानं आवरलं होतं. "पण उद्या चुकले तर नोकरी जाईल. शनिवार पार पडू दे, मग सांगते."

"मग फिक्स करू का? धोका नको."

तिनं पट्ट्यांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "नको. राहू दे मीडियम."

शनिवारी सभागृहात प्रत्येक जण दुसऱ्याशी मागापलीकडून बोलावं तसा बोलत होता. कीर्तीनं सुरुवात केली ती इतकी हळू, की कुणालाच ऐकू येईना. बाई गोड हसू लागल्या. दुसरी ओळही तितकीच हळू. पहिल्या रांगेतल्या एका बाप्यानं मागं वळून "गप बसा की रं!" म्हटलं, मग दुसऱ्या रांगेनं तिसरीला दटावलं, आणि शांतता रांगेरांगेनं मागं सरकत दारापर्यंत गेली. तेव्हा कुठं कीर्तीनं खांद्यापासून जोर लावला. डावा हातसुद्धा पट्ट्यांवर आला, जन्मात पहिल्यांदा. शेवटच्या रांगेतली चुळबूळ थांबली.

"पुढच्या वर्षी प्रार्थनाही ह्याच्यावर घ्या," बाई नंतर म्हणाल्या. अजिबात न हसता.

दाराशी मृत्युंजय उभा होता. "शनिवार पार पडला की..."

कीर्ती त्याला घेऊन थेट तिसऱ्या रांगेत गेली.

"बाबा, हे मृत्युंजय. उद्या आपल्याकडं जेवायला येणारेत."

ही बातमी मृत्युंजयलाही नवीनच होती. कीर्तीच्या बाबांनी, रत्नदीपरावांनी, त्याला डोक्यापासून चपलेपर्यंत पाहिलं.

"मटण करू?"

"आमच्यात... चालत नाही." हे मात्र तो इतकं हळू म्हणाला की कीर्तीला कान पुढं करावा लागला.

त्या तीन शब्दांमागं दोन्हीकडचे किती काका-मामा उभे आहेत, याचा रत्नदीपरावांनी अंदाज घेतला असावा. कीर्तीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "वांगी करू. पण दहालाच ये रं. कांदा चिरायला एक माणूस कमी पडतोय."