उरलेल्या चार रोपांचा पहारा

"पाय उचला! तो नाही हो… दुसरा!"

आवाज खालून आला. ती घाबरून एका पायावर उभी राहिली आणि बघते तर काय, ओढ्याच्या काठावर एक लांबलचक तरुण चक्क पालथा पडलेला. हनुवटीला चिखल, नजर तिच्या चपलेवर.

"तुम्ही माझ्या झाडावर उभ्या राहणार होतात," तो म्हणाला.

"झाड? कुठाय झाड?"

त्याने बोट दाखवलं. नखाएवढी दोन पानं, आणि त्यांच्या शेजारी खुणेची काडी. बस्स!

खरं तर तिने सॉरी म्हणून आपल्या वाटेला लागायला हवं होतं. पिशवीत दूध होतं, घरी आत्या चहाचं आधण ठेवून बसली होती. पण दिसलं की विचारायचं, ही हिची जन्माची खोड. ती तिथेच उकिडवी बसली.

"कसलं झाड आहे हे?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, आणि त्याच्यासाठी चिखलात लोळताय?"

"माहीत नाही म्हणूनच तर लोळतोय!"

मग सगळं ऐकलं तेव्हा कुठे तिचा जीव शांत झाला. वळणावर एक जुनं झाड होतं, गेल्या वर्षीच्या पुरात ते पडलं. तसलं दुसरं ओढ्यावर उरलेलं नाही. म्हाताऱ्या माणसांना त्याचं नाव विचारावं, तर प्रत्येक जण वेगळंच सांगणार. ह्याने गाळातून दोनशे बिया वेचल्या, बाल्कनीत रुजत घातल्या. उगवल्या फक्त अकरा. त्या अकरांची रोपं त्याने कालच इथे ओळीने लावली होती.

"फुलल्यावर नाव कळेल," तो म्हणाला.

"कधी फुलेल?"

"आठ-दहा वर्षांनी."

ती खो खो हसली. तो आधी रागावल्यासारखा झाला, मग तोही हसला. त्याने एका पानावरून हळूच बोट फिरवलं आणि ते तिच्या नाकापाशी धरलं.

"काकडी!" ती ओरडली. अगदी ताज्या, नुकत्या चिरलेल्या काकडीचा वास. बोट नाकापाशी जरा जास्तच वेळ राहिलं, हे दोघांच्याही उशिराच लक्षात आलं.

त्या दिवशी दूध घरी पोचलं दहा वाजता, आणि आत्याने जे काय ऐकवलं ते इथे न सांगितलेलंच बरं.

पुढच्या रविवारी ती हातमोजे घेऊनच हजर. दर रविवारी ओढ्यावर राबणारी दहा-बारा माणसं होती. निवृत्त मुख्याध्यापिका मोठ्या बाई सगळ्यांना कामाला लावत. काठावर माजलेली घाणेरीची झुडपं उपटायची आणि ओढ्याची स्वतःची झाडं पुन्हा लावायची, एवढंच काम. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून तो लिफ्टवाला. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, म्हणून पहिल्याच दिवशी चष्मेवाली झाली.

"आठवडाभर माणसांना वर-खाली नेता, आणि रविवारी स्वतः आडवे?" तिने विचारलं.

"रविवारी लिफ्ट तळमजल्यावरच असते," तो म्हणाला. "पण तुम्ही नीट शिका हं! घाणेरीची पिल्लं आणि माझी रोपं लहानपणी जुळ्या बहिणींसारखी दिसतात. पान चुरडायचं, वास घ्यायचा. उग्र आला तर उपटा. डोळ्यांवर जाऊ नका."

"अहो, डोळ्यांवर तर माझं पोट चालतं!"

"म्हणूनच सांगतोय."

चौथ्या रविवारी तिला सणसणीत सर्दी झाली होती. नाक बंद, डोकं जड. आत्याने दार अडवलं तरी ती निघाली. कशासाठी, ते आत्याला कळलं होतं. तिचं तिला अजून कळायचं होतं. पण लिफ्टवाला आलाच नाही. कुठेतरी कोणी लिफ्टमध्ये अडकलं होतं. हिरमुसून ती कामाला लागली. शुक्रवारच्या पावसात खुणेच्या काड्या वाहून गेल्या होत्या, आणि त्याच्या रोपांची ओळ बरीच वरच्या अंगाला आहे, असं तिला पक्कं वाटत होतं. वास येत नव्हता तर नव्हता. डोळे होते ना! तिने घाणेरी उपटली, ढिगावर टाकली आणि मोठ्या बाईंची शाबासकी घेऊन घरी आली.

मंगळवारी सर्दी उतरली. आत्याने पिशवीतून हातमोजे काढले.

"अगं, हे घालून काकडी किसलीस की काय?"

तिने ते हिसकावून घेतले. हातमोजे नाकाला लावले… काकडी. पुन्हा लावले… काकडीच!

ती तशीच ओढ्यावर पळाली. ढीग दोन दिवसांच्या उन्हात वाळून कडकडीत झाला होता. ओळीत चार रोपं उरली होती. सात तिने, स्वतःच्या हातांनी…

रात्री त्याला मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला, परत खोडला. सकाळी त्याचाच फोन आला.

"सात गेली हो," एवढंच म्हणाला. आवाज इतका पडलेला, की सांगायचं ते राहूनच गेलं. "कोणीतरी मुळासकट नेलीत. उद्यापासून कामावर जायच्या आधी पहारा देतो. सहा ते आठ."

"मीही येते," ती म्हणून गेली.

झालं! चोरच पहाऱ्यावर बसला.

आणि काय सांगावं, त्या सकाळी फार सुंदर होत्या. पाण्यावर धुकं, थर्मासमधला चहा, एकाच झाकणातून आळीपाळीने प्यायलेला. एक मुंगूस रोज येऊन दोघांकडे बघायचं.

"हाच असणार," तो कुजबुजायचा. "बघा, नजर कशी चुकवतोय!"

"मुंगूस रोपं उपटत नाही हो."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही त्याची वकील का?"

तो बोलताना हाताने लिफ्टची बटणं दाबल्यासारखं करायचा. ती हसली, की काय बोलत होता ते विसरायचा. ती घरी यायची ती तरंगत, आणि अंघोळीला गेली की रडायची. उद्या सांगू, उद्या नक्की सांगू… सांगितलं की ह्या सकाळी संपणार, हे तिला दिसत होतं. तो तिला आवडत होता, भयंकर आवडत होता, आणि म्हणूनच तोंड उघडत नव्हतं.

रविवारी मोठ्या बाईंनी सगळ्यांना गोळा केलं. बाजूला ससेकाका विळा घेऊन मान खाली घालून उभे. पाळलेल्या सशांसाठी ते रोज काठावरचं गवत कापून नेत.

"काकांनीच गवताबरोबर नेली असणार," बाई म्हणाल्या. "दुसरं कोण येतं इथे? काका, वाईट वाटून घेऊ नका, पण आता इकडे येणं बंद करा."

"मी नाही हो नेली," काका पुटपुटले. "पण तुम्ही म्हणताय तर…"

म्हातारा वळलासुद्धा. तिला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

"काकांनी नाही," ती म्हणाली. "मी उपटली. मला सर्दी होती, वास येत नव्हता. घाणेरी समजून उपटली. मला मंगळवारपासून माहीत आहे."

तिने कोणाकडेच बघितलं नाही, फक्त त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"म्हणजे पहाऱ्याला…" तो एवढंच बोलला आणि वळून ओढ्याच्या काठाने चालू लागला. ती हाक मारायलाही धजली नाही. मोठ्या बाईंनी ससेकाकांची माफी मागितली, काकांनी बरंच पुढे गेल्यावर हात हलवला. तिचं मात्र सगळं संपलं होतं.

सोमवारी दुकान भरलेलं होतं. तिने नेहमीच्या आवाजात पुकारलं, "पुढचे कोण?" आणि तपासणीच्या खोलीत तोच येऊन खुर्चीवर बसला.

"डोळे तपासायचेत," तो म्हणाला.

तिने त्याच्या नाकावर जाड फ्रेम चढवली, काच बसवली. त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता.

"वरच्या ओळीपासून वाचा."

त्याने वाचली. पहिली, दुसरी, थेट शेवटची, न अडखळता.

"तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही," ती हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे. दुसरं सांगायला आलोय." त्याने फ्रेम काढली. "काल मला भयंकर राग आला होता. संध्याकाळपर्यंत होता. सात रोपं गेली त्याचा, तुम्ही लपवलंत त्याचा. रात्री अलार्म लावायला फोन उचलला आणि आठवलं, चोर सापडला… म्हणजे उद्या पहारा नाही. मग सहाला उठायचं कशाला? खरं सांगू? सात रोपांपेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी रोज सांगणार होते… पण सांगितलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आला नसतात."

"आलो असतो. रागावून आलो असतो, पण आलो असतो. मला तू आवडतेस, चष्मेवाले."

बाहेरून मालक ओरडले, "झालं का? बाहेर चार जण थांबलेत!"

"पाच मिनिटं, साहेब!" ती ओरडली. मग त्याच्याकडे बघून, नाक पुसत म्हणाली, "मलाही तू आवडतोस. फार. पण पुन्हा सर्दी झाली तर?"

"तर उपटायचं काम माझं," तो म्हणाला. "तू नुसती शेजारी बस."