विनी गिलहूलीची बासरी

बसच्या वरच्या फळीवर विनी गिलहूलीची पिशवी जागच्या जागी होती. पिशवीतली बासरी मात्र गेली होती.

“बसला कुलूप होतं ना?” प्रवाशांपैकी कन्सेप्टाने सगळ्यांदेखत विचारलं. “मग किल्ली कुणाकडे होती?”

किल्ली मॅलकीकडे होती. सकाळपासून क्लेअरच्या किनाऱ्याने तोच ही बस चालवत होता, आणि प्रवासी वाटेतल्या पबमध्ये असताना किल्ली त्याच्या खिशातून हललीसुद्धा नव्हती. कंपनीने त्याला आधीच बजावलं होतं, आणखी एक तक्रार आली की घरी बसायचं.

“मी कंपनीत फोन केलाय,” कन्सेप्टा म्हणाली. “साहेब बॅलिव्हॉनच्या पबात येऊन थांबतायत.”

मॅलकीने खिशातली किल्ली चाचपली.

विनीचा नवरा जाऊन आज वर्ष झालं होतं. बॅलिव्हॉनच्या ज्या पबात त्याने तिला पहिल्यांदा ही लाकडी बासरी ऐकवली, तिथेच आज ती कुणाकडून तरी वाजवून घ्यायची होती. सकाळी तिने ती हौसेने सगळ्यांच्या हाती दिली होती. “वर्षभर शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवली हो. थंडीचा भारी कंटाळा त्याला. म्हटलं, उबेत राहू दे.”

पॅकी हेशनने तेव्हा ती उजेडाकडे धरून फिरवली होती आणि मुकाट्याने परत दिली होती.

ड्रायव्हरमागच्या सीटवर ब्रीड नेस्टर जपमाळ ओढत होती. बाई खाजगी तपासनीस. दोन प्रकरणांत मॅलकीनेच तिला गाडीतून फिरवलं होतं. दारू न पिण्याचं व्रत घेतल्याचा छोटा बिल्ला तिच्या कोटावर कायम असायचा. माळ खिशात ठेवून तिने हळूच विचारलं, “तू कुलूप लावण्याआधी बसमध्ये परत कोण चढलं होतं?”

“लोर्कन कॅमेऱ्यासाठी, कन्सेप्टा चष्म्यासाठी, पॅकी टोपीसाठी. लगेच उतरले तिघंही.”

लोर्कन डब्लिनचा, जुन्या वस्तूंचा व्यापारी. तो उसळलाच. “विकत मागितली होती, कबूल! बाई नाही म्हणाल्या, विषय संपला. मी खिडकीशी बसून एकच ग्लास चाखत होतो.”

“मी तर गात होते,” कन्सेप्टा म्हणाली. “अख्ख्या पबने ऐकलं.”

“ऐकावंच लागलं,” लोर्कन पुटपुटला.

पॅकी हा विनीचा शेजारी, निवृत्त खाटीक. “मी कोपऱ्यात होतो. माझाही एकच ग्लास, घोट घोट घेत.”

“आणि कान कसा आहे?” ब्रीडने विचारलं. “लाहिंचला औषधाच्या दुकानापाशी बस थांबवायला लावलीत ना?”

“तेल घेतलंय. उतरेल ठणका.” जाता जाता त्याने मॅलकीच्या खांद्यावर हात ठेवला. “घाबरू नकोस, पोरा.” हाताला बदामाच्या केकसारखा वास येत होता. सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही, हे मॅलकीला तेव्हा आठवलं.

ब्रीड मॅलकीला घेऊन पबमध्ये परत गेली. टेबलं अजून आवरायची होती. काळ्या बिअरच्या प्रत्येक घोटाबरोबर काचेला आतून फेसाचं एक वलय चिकटतं. खिडकीपाशी ठेवलेल्या ग्लासात वलयांची शिडीच होती. कोपऱ्यातल्या ग्लासात एकच वलय, तेही अगदी काठाशी.

“काय दिसतं?”

“रिकामे ग्लास.”

“तुझ्यासारखा भाबडा माणूस देवाने क्वचितच घडवला असेल,” ती हसून म्हणाली. “चल, उशीर होतोय.”

बॅलिव्हॉनच्या पबापाशी सगळे उतरू लागले. ब्रीडने मॅलकीदेखत पॅकीला बसच्या आडोशाला थांबवून घेतलं.

“कन्सेप्टा गात होती, तिला सगळ्यांनी पाहिलं. लोर्कनने घोट घोट प्यायली, ते काच सांगते. तुमच्या ग्लासात मात्र एकच वलय, म्हणजे सगळे निघाले तेव्हा येऊन तो एका दमात रिकामा केलात. मग तोवर होतात कुठे? बदामाचं तेल कुणी कानातही घालत असेल, पण लाकडी बासरीला ते हटकून लावतात. आणि वर्षभर शेगडीवर राहिलेलं लाकूड...”

“हळू,” पॅकीचा आवाज फाटला. “तडा गेलाय. सकाळी उजेडात दिसला. पबच्या मागच्या छपरीत बसून तेल जिरवलं, मेण लावलेला दोरा गुंडाळला.” त्याने लांब कोटाच्या आतून बासरी काढली. “माझी बायको गेली, त्या हिवाळ्यात विनीचा नवरा रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा, मला वाजवायला शिकवायचा. नाहीतर मी अंथरुणातून उठलोच नसतो. त्याच्या बायकोला कुठल्या तोंडाने सांगू, की तुझ्या उबेनेच ती फुटली?”

मॅलकीने पबच्या दाराकडे पाहिलं. आत साहेब वाट पाहत होते. “मग सांगूच नका. गुपचूप पिशवीत ठेवा. मी म्हणेन, दार माझ्याकडूनच उघडं राहिलं.”

“आणि तुझी भाकरी जाऊ देऊ? नाही रे बाबा. मी सांगतो सगळं.”

“मला सांगून झालं,” बसच्या दारातून आवाज आला. पायरीवर विनी उभी होती. “पाय आखडले होते, उतरायला वेळ लागला. कान शाबूत आहेत माझे.”

विनीने बासरी हातात घेतली. दोऱ्याच्या वेढ्यावरून तिचा अंगठा पुन्हा पुन्हा फिरत राहिला.

“त्याचे बूट मी असेच वाळवायचे, शेगडीवर,” अखेर ती म्हणाली. “दरवर्षी एक जोड करपायचा. ओरडायचा, आणि तेच घालायचा.” तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. “देव तुझं भलं करो, पॅकी.”

आत जाऊन ती सरळ साहेबांपुढे उभी राहिली. “बासरी हरवली नव्हती. वैद्याकडे गेली होती. तुमच्या ड्रायव्हरने दार व्यवस्थित लावलं होतं, आणि माझ्यासाठी तो नोकरीवर पाणी सोडायला निघाला होता. असा माणूस तुमच्याकडे आहे, त्याबद्दल आधी देवाचे आभार माना.”

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. “उद्या नेहमीच्या वेळेला ये, मॅलकी,” एवढंच ते म्हणाले. कन्सेप्टाने मॅलकीपुढे सूपचं भांडं आणि ब्रेड सरकवला.

विनीने बासरी पॅकीच्या हातात दिली.

“मी? इथे?”

“त्याने शिकवलेला दुसरा आहे कोण?”

पॅकीने ओठ टेकवले. पहिला सूर जरा घोगराच निघाला. विनीने डोळे मिटले.

“झोपेतून उठला की असाच बोलायचा,” ती म्हणाली.